सक्तीची रजा

दर्शनाचा संशय तसा घरगुती होता. दुधाच्या पिशवीला टाचणीएवढं भोक दिसलं, तर ते कुणीतरी मुद्दाम पाडलंय असं तिला वाटायचं. शेजारीण दारात आपणहून हसली की हिचं सुरू, आता ही काय मागणार. मुलगी रुचा म्हणायची, "आई, तू चुकून बँकेत लागलीस. तुला पोलिसांनी पळवायला हवं होतं." त्यावर दर्शना रुचाकडेही जरा रोखून बघायची. एवढी गोड बोलतेय म्हणजे आज काय फोडलंय हिने?

बँकेत मात्र या स्वभावाला मान होता. खोटी सही, खाडाखोड केलेली तारीख, दुसऱ्याचं ओळखपत्र घेऊन आलेला भाचा, यातलं काही तिच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. परळच्या त्या सहकारी बँकेच्या शाखेत नवे लोक तिला दबकून असत. जुने लोक तिला दबकूनच असत, फक्त ते तिच्यासोबत डबा खात.

म्हणूनच त्या सोमवारी सौमित्र साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं, तेव्हा तिला बरं वाटलं. साहेब वयाने लहान, केस अजून सगळे काळे, पण दार लावायची पद्धत अगदी मुरलेल्या मॅनेजरची.

"दर्शना मॅडम, सुनेत्रा मॅडम आजपासून दोन आठवडे रजेवर आहेत. लॉकरचं काम तुम्ही बघायचं."

"आजारी आहे का? शनिवारी तर धडधाकट होती."

"सक्तीची रजा आहे."

बँकेत असा नियम असतो. जोखमीच्या जागेवर बसणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग घरी पाठवायचं. त्या दिवसांत त्याने शाखेत पाऊल टाकायचं नाही, कामाबद्दल फोनही करायचा नाही. त्याला आराम मिळावा असा काही उदात्त हेतू त्यामागे नाही. कुणी काही लपवलं असेल तर त्यावर त्याला रोज स्वतः झाकण धरून बसावं लागतं. माणूस खुर्चीवरून उठवला की झाकण सरकतं आणि खालचं दिसतं.

"सुनेत्रा मॅडमची ही रजा दरवर्षी राहून गेलीय," साहेब म्हणाले. "कधी कोविड, कधी ऑडिट, कधी माणसं कमी. आणि त्या स्वतःहून साधी रजाही कधी मागत नाहीत. मला सांगा, माणूस रजा का मागत नाही?"

दर्शनाने मान हलवली. तीही मागत नसे, पण ती गोष्ट वेगळी होती.

"दोन आठवड्यांनी मला स्पष्ट सांगा. काही वावगं असेल तर मला वर कळवावं लागेल. मग चौकशी, निलंबन... ते माझ्या हातात राहणार नाही."

सुनेत्रा आणि दर्शना एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या. पहिली कितीतरी वर्षं शेजारशेजारच्या खिडक्यांवर बसल्या, एकमेकींच्या डब्यातल्या भाज्यांना नावं ठेवली. मग सुनेत्राला तळघरातली लॉकरची खुर्ची मिळाली आणि दर्शना वर रांगेसमोर राहिली. खाली गारवा, शांतता, दिवसाला मोजके ग्राहक. सुनेत्रा वर यायचीच बंद झाली. दर्शनाने तेव्हाच मनात नोंद केली होती, की या बाईला खाली एवढं काय गोड लागतं?

त्या सकाळी तिने सुनेत्राचा खण उघडला. बाम, चष्मा पुसायचं फडकं, बडीशेप, तुटलेली क्लिप. एकही वस्तू संशय घ्यावा अशी नव्हती. हेच दर्शनाला फार संशयास्पद वाटलं.

लॉकरचं काम सोपं. ग्राहकाने सही करायची, आपण आत जाऊन बँकेची मास्टर किल्ली फिरवायची, मग ग्राहकाने स्वतःची. दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. उघडला की आपण बाहेर यायचं. आत कोपऱ्यात पडदा लावलेला एक आडोसा, त्यात छोटं टेबल आणि स्टूल. कॅमेरा दारावर रोखलेला, आडोशावर नाही. माणूस तिथे आपलं सोनंनाणं एकांतात बघतो.

बाराच्या सुमाराला एक बाई जिना उतरून आली. पन्नाशीची, सुती पंजाबी ड्रेस, पायात पांढरे रबरी तळाचे बूट, खांद्याला सपाट पिशवी.

"सुनेत्रा मॅडम कुठायत?"

"रजेवर."

"रजेवर?" बाईचा चेहरा उतरला. "असं कसं? काही झालं का त्यांना?"

"तुम्हाला लॉकर उघडायचाय की सुनेत्रा मॅडमना भेटायचंय?"

बाईने मुकाट्याने सही केली. राधा भिवा साळवे. राहणार कॉटन ग्रीन. परळच्याच मोठ्या हॉस्पिटलात नर्स. लॉकर सगळ्यात लहान, सगळ्यात खालच्या रांगेतला. कानात साधे डूल, हातात घड्याळ, बाकी काही नाही. हिला लॉकर कशाला लागतो, असं दर्शनाच्या मनात आलं. सकाळी पद्मजा वहिनी त्यांचा लॉकर उघडायला आल्या होत्या, हिंदू कॉलनीतल्या. त्यांच्याबद्दल असं काही मनात आलं नव्हतं, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी तिने त्याला अनुभव म्हटलं असतं.

किल्ली फिरवून ती बाहेर येऊन बसली. आत पडदा सरकल्याचा आवाज झाला. मग थोड्या वेळाने दुसराच आवाज आला. फुस्स. थांबून पुन्हा फुस्स. सायकलच्या पंपासारखा, पण मऊ. आठदहा वेळा झाला आणि थांबला. मग काहीच नाही. दर्शनाने मान वाकडी करकरून कान लावला. पाऊण तास उलटून गेला तरी आत अगदी सामसूम. शेवटी पुन्हा एक लांबलचक फुस्सऽऽ आणि राधाबाई बाहेर आली. डोळे लाल, चेहरा मात्र नुकता धुतल्यासारखा. पिशवी गेली तशीच सपाट.

"बराच वेळ लागला," दर्शना म्हणाली.

"दागिने बघत होते."

"तासभर?"

"आवडीने बघत होते," राधाबाई म्हणाली आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फुस्स आणि मग सामसूम. तिसऱ्या दिवशीही. दर्शनाने चहा घेऊन आलेल्या गौतमला धरलं. गौतम शाखेतला जुना शिपाई, रिटायर व्हायला आलेला, त्याला सगळ्यांची सगळी माहिती.

"त्या साळवे बाई रोज येतात?"

"सिस्टर? रात्रपाळी असली की येतात. सुनेत्रा मॅडमच्या खास आहेत."

"खास म्हणजे?"

गौतमने ट्रे छातीशी धरला. "खास म्हणजे खास, मॅडम. चहा गार होतोय."

त्या संध्याकाळी दर्शनाने प्रभादेवीच्या घरी पोळ्या लाटता लाटता सगळं जुळवलं. नर्स. हॉस्पिटल. तिथली औषधं, इंजेक्शनं, ती कसली कसली महाग नळकांडी. फुस्स आवाज. थंड खोली. रोज थोडं थोडं आणायचं आणि साठवायचं. सपाट पिशवीत दिसणार नाही एवढं. आणि सुनेत्रा बाहेर बसून पहारा देणार.

"अगं, पण पिशवी भरलेली जाताना दिसली का कधी?" नवऱ्याने, रघुवीरने, टीव्हीवरून नजर न काढता विचारलं.

"तीच तर त्यांची हुशारी."

"बाबा, तुम्ही नादाला लागू नका," रुचा म्हणाली. "पुरावा नसणं हा तिच्याकडे सगळ्यात मोठा पुरावा असतो."

शुक्रवारी तिने सौमित्र साहेबांच्या कानावर घातलंच. "एका ग्राहकावर माझी नजर आहे. सुनेत्राचा संबंध असू शकतो. अजून नक्की नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नक्की झालं की लगेच या. मी वरच्यांशी बोलून ठेवतो." मग जरा थांबून म्हणाले, "वाटलंच होतं मला."

जिना उतरताना दर्शनाला ते शेवटचं वाक्य पचलं नाही. तिने ते दुपारच्या उसळीवर ढकललं.

रविवारी ती गिरगावात, फणसवाडीतल्या सुनेत्राच्या घरी गेली. कामाबद्दल बोलायला मनाई होती, भेटायला नव्हती. 'वाटेवरून जात होते' हे कारण तिने जिना चढताना तीनदा म्हणून बघितलं. गिरगावात तिचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे वाट कुठून कुठे जात होती हा प्रश्न कुणी विचारलाच तर पंचाईत होती.

दार उघडंच होतं. मधल्या खोलीत माळ्यावरची सगळी भांडी उतरवून मांडलेली, पितळी घागरी, परात, कुणाच्या तरी मुंजीतलं ताम्हन. सुनेत्रा ओचा खोचून स्टुलावर उभी होती, डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत काळे. आतून तिच्या नणंदेचा आवाज आला, "वहिनी, चहा टाकताय ना?"

"पुण्याहून आल्यात," सुनेत्रा हळूच म्हणाली. "मी घरी आहे म्हटल्यावर सगळे आले. जाऊबाईंनी नातू आणून सोडलाय. पडदे धुऊन झाले, गाद्या उन्हात घालून झाल्या. आज माळा."

"रजा आहे ना तुझी?"

"हो ना," सुनेत्रा म्हणाली आणि हसत सुटली. हसताना तिला स्टुलाचा आधार घ्यावा लागला.

कोपऱ्यात सासूबाई माळ धरून बसल्या होत्या. त्यांनी दर्शनाला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला, म्हणजे आता फक्त खालच्या मजल्यापर्यंतच गेला असता. "काय गं, तू बँकेतली ना? हिला सक्तीने घरी बसवलंय म्हणे. काही केलं का हिने? चांगल्या माणसाला कुणी सक्तीने घरी बसवतं का? मी तर बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं की सांगते, पाय मुरगळलाय."

सुनेत्रा ताम्हन घासत होती. तिने वर पाहिलं नाही. फक्त तिचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

ती दर्शनाला सोडायला जिन्यापर्यंत आली. "खाली सगळं ठीक ना?" तिने विचारलं. मग भीतभीत, दुसरीकडे बघत, "कुणी... उशिरापर्यंत थांबलं तर घाई करू नकोस हं."

दर्शनाचे कान टवकारले. हेच. हेच ऐकायला ती आली होती. मग आता आनंद का होत नव्हता? परत येताना बसमध्ये तिच्या डोळ्यांसमोर सारखे ते काळे हात येत होते. चोरीचा पैसा असलेली बाई भांडी घासायला बाई ठेवेल, असा एक साधा विचार तिला शिवला. तिने तो हाकलला. तो पुढच्या स्टॉपला पुन्हा चढला.

मंगळवारी राधाबाई आली तेव्हा नेहमीपेक्षा जास्त ओढलेली दिसत होती. सही करताना तिचं पेन घसरलं. दर्शनाने किल्ली फिरवली, बाहेर आली, घड्याळाकडे बघत बसली. फुस्स, फुस्स, सामसूम. तास झाला. शेवटचा फुस्सऽऽ काही येईना. अजून थोडा वेळ गेला.

"साळवे बाई?"

उत्तर नाही.

"सिस्टर? झालं का तुमचं?"

आत काहीही हललं नाही. दर्शनाच्या मनात एका क्षणात तीन गोष्टी आल्या. औषध जास्त झालं. बाई मेली. आणि मी बाहेर बसून होते. ती धावत आत गेली आणि पडदा ओढला.

राधाबाई भिंतीला टेकून खुर्चीत झोपली होती. खुर्ची लॉकरच्या खोलीतलीच, दाराआडची, जिच्यावर कुणी बसत नाही म्हणून दर्शनाला ती हलल्याचंही कळलं नव्हतं. मानेखाली हवा भरून फुगवायची उशी, निळी, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. पाय स्टुलावर टाकायचा प्रयत्न केलेला, पण स्टूल बुटकं, त्यामुळे टाचा लोंबकळत होत्या. पायांत लोकरी मोजे. डोळ्यांवर जुन्या लुगड्याची पट्टी. बूट टेबलाखाली जोडीने ठेवलेले. आणि टेबलावर लॉकरचा तो लांबट पत्र्याचा डबा सताड उघडा, त्यात घडी केलेली पातळ चादर आणि बाकी काही नाही. एवढंसंही सोनं नाही.

राधाबाई घोरत होती. अगदी हळू, सवयीने आवाज दाबून घोरणाऱ्या माणसासारखी.

दर्शना तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, आता उठवावं. मग वाटलं, उठवून काय विचारावं? तिने पडदा तसाच लावला, बाहेर येऊन बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण पाऊल न वाजवता आलो.

बऱ्याच वेळाने आतून धडपड ऐकू आली. राधाबाई पट्टी आणि बूट हातात घेऊनच बाहेर आली. हलवलेला पडदा तिने पाहिला होता.

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग बोलवा साहेबांना. मी काही नेलं नाही, काही आणलं नाही. झोपले फक्त."

"लॉकरमध्ये?" दर्शनाला दुसरं काही सुचलं नाही. "घर नाही का तुम्हाला?"

"घर आहे की. एक खोली आहे. त्यात मालकांची बातम्यांची टीव्ही आहे, त्यांना ऐकू येत नाही म्हणून ती खालच्या चाळीला ऐकू येते. सून घरून काम करते, प्रिती, कानाला लावून दिवसभर 'सर, सर' करते. गुणी पोरगी आहे. माझ्यासाठी हळू बोलते, मग सर ओरडतात तिला. नातू माझ्या पोटावर गाडी चालवतो. रात्री पुन्हा वॉर्ड. एकदा सलाईन लावताना माझा हात हलला, मॅडम. पेशंटला काही झालं नाही. पण मला झालं."

ती टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. आता बोलायचंच असं ठरवल्यासारखी.

"लेकीच्या लग्नाचं सोनं होतं त्या डब्यात. लग्न झालं, सोनं गेलं तिच्याबरोबर. मी लॉकर सोडायला आले होते. डबा रिकामा करून बसले, थंड वाटलं, डोळा लागला. सुनेत्रा मॅडमनी उठवलं नाही. उठले तेव्हा म्हणाल्या, लॉकर राहू दे की अजून थोडे दिवस. बस, एवढंच."

"पण घरी सांगायचं ना. मुलाला सांगायचं."

"अजितला? तो उद्याच्या उद्या बदलापूरला भाड्याने खोली बघेल. प्रितीला वाटेल सासूने काढलं घराबाहेर. मालक म्हणतील माझ्या टीव्हीमुळे झालं सगळं. मला झोप पाहिजे होती, मॅडम, भांडण नको होतं. घरी सांगते बँकेत काम आहे. खोटं कुठे सांगते?"

हे सगळं रचलेलं असू शकतं, असं दर्शनाच्या आतलं कुणीतरी अजून बजावत होतं. उशी दाखवायला, खरं दुसरीकडे. पण त्याचा आवाज दमलेला होता. आपण दुपारी शेवटचं कधी झोपलो, हे ती आठवून बघत होती. टायफॉईड झाला होता तेव्हा. आणि तेव्हाही पाहुणे आले होते.

"उद्या येणार?" तिने विचारलं.

"उद्यापासून दिवसपाळी." राधाबाईने बूट चढवले. "सुनेत्रा मॅडमना काही त्रास होणार का? त्या माझ्यामुळे रजा घेत नाहीत असं नाही हां. त्या म्हणतात, मी रजा घेऊन जाऊ कुठे, घरी?"

दोन आठवडे संपले तेव्हा सौमित्र साहेबांनी पुन्हा दार लावून घेतलं.

"बोला मॅडम. वर मी कल्पना दिलीय."

"काही नाही," दर्शना म्हणाली.

"म्हणजे?"

"काही सापडलं नाही. सगळं नीट आहे."

साहेब हसले, मग हसायचे थांबले. "तुम्हीच म्हणाला होतात, एका ग्राहकावर नजर आहे."

"होती. ग्राहक आपल्या वस्तू आपल्या लॉकरमधून काढते, वापरते, परत ठेवते. लॉकरमध्ये काय आहे ते आपण विचारत नाही. तसा नियम आहे."

"सुनेत्रा मॅडम?"

"खुर्चीवर बसून काम करते. त्यात वावगं काही नाही."

साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. या शाखेत आल्यापासून त्यांनी दर्शना मॅडमना 'काही सापडलं नाही' असं म्हणताना ऐकलं नव्हतं. आलेल्या दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यातही तिला काहीतरी सापडलं होतं. त्यांच्या नजरेतला तो बदल दर्शनाने ओळखला. ती स्वतः लोकांकडे असंच बघायची. समोरून कसं वाटतं ते तिला पहिल्यांदा कळत होतं. चांगलं वाटत नव्हतं.

"तुम्ही दोघी जुन्या मैत्रिणी ना?"

"एकाच वर्षी लागलो."

"हं." त्यांनी कॉम्प्युटरकडे खुर्ची वळवली. "तुमचीही सक्तीची रजा राहिलीय, मॅडम. बघतोय मी. तीसुद्धा बऱ्याच वर्षांची."

"माझ्या टेबलावर काय असणार, साहेब?"

"काही नसेल तर काही नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही घरी आराम करा. सुनेत्रा मॅडम तुमचं टेबल बघतील."

सुनेत्रा सोमवारी आली. हातांना पितांबरीचा वास, नखांच्या कडा अजून काळ्या. दर्शनाने मास्टर किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली. सुनेत्रा ती उचलेना. दर्शनाचा चेहरा वाचायचा तिचा प्रयत्न चालला होता आणि तिला ते जमत नव्हतं. तिला कधी कुणावर संशय घ्यायची सवयच नव्हती.

"काय सांगितलंस वर?" तिने शेवटी विचारलं.

"सांगितलं सुनेत्रा आळशी आहे, खण आवरत नाही. तुटकी क्लिप कशाला ठेवतेस गं?"

"दर्शना, खरं सांग."

"आता माझीही सक्तीची रजा लागणार, कुठल्याही सोमवारी. माझं टेबल तू बघायचंस. जे सापडेल ते साहेबांना सांग, मैत्री मधे आणू नकोस." पर्स खांद्याला लावून ती जिन्याकडे निघाली, पहिल्या पायरीवर थांबली. "आणि आतलं ते स्टूल बदलून घे. फार बुटकं आहे. टाचा लोंबकळतात, रग लागते."

"कुणाच्या टाचा?" सुनेत्राचा आवाज एकदम बारीक झाला.

"कुणाच्या का असेनात," दर्शना म्हणाली आणि वर गेली. वर रांग लागली होती, आणि पहिल्याच माणसाची सही तिला जरा वेगळी वाटत होती.